पावसाळ्यात कोकणच्या कातळकिनाऱ्यावर: गुहागर ते विजयदुर्ग, पहिल्या सहलीची आखणी

कोकणचा समुद्र बहुतेकांनी नोव्हेंबर ते मे या महिन्यांत पाहिलेला असतो. तेव्हा पाणी निळे असते, पुळणी रुंद असतात आणि काळ्या कातळावर माणसे निवांत बसलेली असतात. जून ते सप्टेंबर या काळात तोच किनारा ओळखू येत नाही. पाणी मातकट होते, पुळणीची वाळू लाटा ओढून नेतात, आणि एरवी शांत दिसणाऱ्या कातळाच्या घळींतून पाणी तोफेसारखा आवाज करत वर येते. हा समुद्र पाहायला आवर्जून जावे असे मला मनापासून वाटते. मात्र त्याची आखणी हिवाळी सहलीसारखी करून चालत नाही. हिवाळ्यात आपण ठिकाणे ठरवतो आणि त्यांना वेळ वाटून देतो. पावसाळ्यात भरतीची वेळ आणि पावसाचा अंदाज आधी पाहावा लागतो, आणि ठिकाणे त्यांत बसवावी लागतात. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

उदाहरणासाठी मी गुहागर ते विजयदुर्ग हा पट्टा घेतला आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जांभ्याचे, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाचे, सडे (सपाट पठारे) थेट समुद्रात तुटलेले, खाली काळ्या कातळाचे ओटे आणि मध्ये मध्ये खाड्यांची रुंद मुखे, असे रूप इथे सर्वात ठळक दिसते. मालवण-तारकर्लीकडे जाण्याचा मोह पहिल्या पावसाळी सहलीत टाळावा. तिथले मुख्य आकर्षण पाण्यावरचे आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीवाहतूक व जलक्रीडा मे महिन्याच्या अखेरीपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. किनाऱ्यावर उभे राहून पाण्यातला किल्ला नुसता लांबून पाहण्यासाठी इतका प्रवास करणे नवख्या माणसाला निराश करते.

पहिली पायरी: नक्षत्र पाहून काळ ठरवणे

कोकणातला शेतकरी पाऊस महिन्यांनी मोजत नाही, नक्षत्रांनी मोजतो, आणि सहलीसाठीही ते माप अधिक उपयोगी आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मृग लागते, 21-22 जूनला आर्द्रा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू आणि 19-20 जुलैला पुष्य. मृगातला पाऊस बेभरवशाचा असतो. कधी चार दिवस झोडपतो, कधी नुसता उकाडा देतो. आर्द्रा ते पुष्य हा पावसाचा खरा जोर. या काळात समुद्र सर्वात रौद्र असतो, पण दरडी, पूर आणि बंद पडलेले रस्तेही याच काळातले. शिवाय घरोघरी भाताची लावणी चालू असते, त्यामुळे घरगुती निवासाचे यजमान पहाटेपासून शेतात असतात आणि पाहुण्यांकडे पाहायला त्यांना उसंत नसते.

आश्लेषा आणि मघा, म्हणजे साधारण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंतचा काळ, नवख्यांसाठी मला सर्वात योग्य वाटतो. सरी मोठ्या असतात पण मध्ये उघडीप मिळते, लाटांचा जोर टिकून असतो आणि सड्यावर फुले येऊ लागतात. फुलांसाठीच जायचे असेल तर ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर निवडावा. सीतेची आसवे, गेंद, कवला, तेरडा आणि कीटक पकडणारी दवबिंदू ही सगळी मंडळी तेव्हा एकाच वेळी कातळावर असतात.

मात्र गणेशचतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस आणि गौरी-गणपतीचे विसर्जन होईपर्यंतचा काळ पूर्णपणे टाळावा. मुंबईचा चाकरमानी तेव्हा घरी येत असतो. गाड्यांची आरक्षणे महिनोन् महिने आधी संपलेली असतात, महामार्ग तुंबलेला असतो आणि ज्या घरात तुम्ही उतरणार त्या घरातच पाहुणे मावत नाहीत. त्या दिवसांत आपण पर्यटक म्हणून तिथे असणे त्या घरांवर भार टाकणारे आहे, हे लक्षात घ्यावे.

दुसरी पायरी: भरती-ओहोटीचे गणित

तारखा नक्की करण्याआधी पंचांग किंवा दिनदर्शिका समोर ठेवावी. सहलीच्या प्रत्येक दिवसाची तिथी एका कागदावर लिहावी. किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या वापरला जाणारा हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या आसपास आणि ओहोटी त्यापासून सुमारे सहा तासांनी, नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना हे गणित सारखेच लागू होते, आणि दिवसातून दोनदा भरती येत असल्याने पहाटेच्या तीनला जे होते तेच दुपारी तीननंतर पुन्हा होते. रोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते, म्हणून आखणी झाल्यावर त्या त्या बंदराचे छापील किंवा मोबाईलवरील भरतीचे कोष्टक पाहून वेळा पक्क्या कराव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे भरतीचा आकार. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. कातळावर फुटणाऱ्या लाटा पाहायच्या असतील तर उधाणाचे दिवस घ्यावेत. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, किंवा कातळाच्या ओट्यांवरून थोडे चालायचे असेल, तर भांगाचे दिवस घ्यावेत. दोन्ही हवे असेल तर सहल अष्टमीला सुरू करून पौर्णिमा किंवा अमावास्येकडे न्यावी. त्यात आणखी एक सोय आहे: पहिल्या दिवसांत किनाऱ्याची ओळख होते आणि नंतर मोठे पाणी येते.

हे गणित का शिकावे, याचे कारण हेदवीला कळते. हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळाला एक लांब, अरुंद चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट या चिरेत शिरते, पुढे जागा आणखी चिंचोळी होत गेल्याने पाण्याला बाजूला जाता येत नाही, आणि ते उंच उसळते. ओहोटीला त्याच जागी कोरडी घळ आणि तळाला थोडे पाणी एवढेच असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कोष्टक न पाहता गेलो, आणि दोन तासांच्या प्रवासानंतर ती कोरडी घळ पाहून परतलो. दुसऱ्या वर्षी तृतीयेला दुपारी दीडच्या सुमारास पोहोचलो आणि कातळ पायाखाली हादरल्यासारखा वाटत होता. बामणघळीसाठी भरतीच्या आधीचा एक तास धरावा.

समुद्राच्या वेळापत्रकाचा परिणाम फक्त किनाऱ्यावर थांबत नाही. राजापुरात अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी चढते तेव्हा बाजारपेठेत पाणी येते; चिपळूणला वाशिष्ठीचा 22 जुलै 2021चा महापूर अनेकांच्या स्मरणात आहे. मुसळधार पाऊस आणि खाडीतली भरती एकाच वेळी आली की नदीचे पाणी समुद्रात उतरायला जागा मिळत नाही आणि ते गावात पसरते. म्हणून जोरदार पावसाच्या दिवशी या गावांतून जायचे असेल तर ओहोटीच्या तासांत जावे.

तिसरी पायरी: इशारे वाचणे

भारतीय हवामान विभाग जिल्हावार चार रंगांत इशारे देतो. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. आकड्यांत सांगायचे तर 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, 115.6पासून अतिमुसळधार आणि 204.4च्या वर अत्यंत मुसळधार पाऊस समजला जातो. कोकणात पिवळा इशारा ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. त्यासाठी बेत रद्द करू नये. नारिंगी असेल तर त्या दिवशी मुक्काम हलवू नये आणि जवळपासच फिरावे. लाल असेल तर ज्या घरात आहात त्या घरातच राहावे, मग सामान भरून झालेले असले तरीही.

समुद्राचे इशारे वेगळे असतात. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे किनाऱ्यानुसार देते, आणि त्यांचा पावसाशी थेट संबंध असेलच असे नाही. ऊन पडलेले असतानाही दूरच्या वादळाच्या लाटा इथे पोहोचू शकतात. बंदरांवर धोक्याचा बावटा लावतात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे कोळीवाड्यात ऐकू आले, तर त्या दिवशी वारा-वावधानाची शक्यता आहे आणि कातळाच्या जवळ जायचे नाही, एवढा अर्थ नवख्याने घ्यावा.

चौथी पायरी: पोहोचण्याचा मार्ग आणि पर्यायी मार्ग

मुंबईकडून येणाऱ्यांनी पहिल्या पावसाळी सहलीसाठी कोकण रेल्वेने चिपळूणला उतरून पुढे स्थानिक वाहन ठरवावे, असे माझे मत आहे. रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचे वेग कमी केलेले असतात आणि अनेक गाड्या एरवीपेक्षा लवकर सुटतात, त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबून स्थानकावर जाऊ नये. फार जोराच्या पावसात वेग आणखी कमी करतात. दरडींवर रात्रंदिवस गस्त असते आणि गाडी थांबवली जाते ती याच कारणाने, तेव्हा दोन-तीन तासांचा उशीर आखणीत आधीच धरावा.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी घाट निवडताना काळजी घ्यावी. कराडकडून कुंभार्ली, कोल्हापूरकडून आंबा किंवा अणुस्कुरा हे नेहमीचे रस्ते. भोर-महाडचा वरंध घाट पावसात अनेकदा बंद असतो, म्हणून तो आखणीत धरूच नये. आदल्या संध्याकाळी ज्या तालुक्यात उतरायचे आहे तिथल्या यजमानांना फोन करून घाट चालू आहे का हे विचारावे; नकाशावरच्या माहितीपेक्षा त्यांचे उत्तर ताजे असते. मराठवाडा-विदर्भातून येणाऱ्यांनी घाट उतरण्याआधी कोल्हापूर किंवा कराडला मुक्काम करावा आणि घाट सकाळच्या उजेडात उतरावा. दिवसभर गाडी चालवून संध्याकाळच्या धुक्यात आंबा घाटात शिरणे टाळावे.

गुहागरकडून रत्नागिरीकडे जाताना शास्त्री नदीची खाडी आडवी येते. तवसाळ ते जयगड अशी गाड्या वाहून नेणारी फेरीबोट आहे, आणि ती चालू असेल तर हा प्रवास सुंदर आणि सोपा होतो. पण वारा वाढला, लाटा खाडीत शिरल्या, की फेरी थांबवतात, आणि त्यांनी थांबवणे योग्यच आहे. अशा वेळी राई-भातगावच्या पुलावरून जाण्याचा रस्ता आहे. तो लांब आहे, वळणांचा आहे, पण खात्रीचा आहे. आम्ही एकदा दुपारी चारला तवसाळला पोहोचलो, फेरी बंद होती, आणि पुढच्या गावात मुक्काम ठरलेला असल्याने त्याच संध्याकाळी भातगावमार्गे निघालो. अंधार पडल्यावर रस्त्यावर आलेली लाल माती, कडेला बसलेली गुरे आणि समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे यांतून ते अंतर कापायला एरवीच्या दुप्पट वेळ लागला. फेरी सकाळी पार करावी, म्हणजे ती बंद असली तरी लांबच्या रस्त्याला दिवसाचा उजेड शिल्लक राहतो.

रस्त्यावरचे आणखी तीन नियम सांगतो आणि पुढे जातो. साकवावरून (ओढ्यावरच्या लहान पुलावरून) किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर खोली कितीही कमी वाटली तरी थांबावे. व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत उतरते. कापलेल्या डोंगराच्या खाली फोटोसाठी किंवा चहासाठी गाडी उभी करू नये. आणि संध्याकाळी पाचनंतर नव्या रस्त्यावर निघू नये.

पाचवी पायरी: मुक्काम आणि जेवण

पावसाळ्यात अनेक निवास बंद असतात, काही ठिकाणी फक्त घरची माणसे असतात. म्हणून संकेतस्थळावर खोली दिसते एवढ्यावर न थांबता फोनवर बोलावे आणि चार गोष्टी विचाराव्यात: वीज गेल्यावर काय सोय आहे, मोबाईलला कोणत्या कंपनीची रेंज येते, गाडी दारापर्यंत येते की पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून यावे लागते, आणि जेवण घरी मिळेल का. वादळी पावसात वीज एक-दोन दिवस जाऊ शकते. बाहेरच्या खानावळी बंद असण्याची शक्यता मोठी, म्हणून दोन्ही वेळचे जेवण मुक्कामीच सांगून ठेवावे. रोख पैसे पुरेसे बाळगावेत, कारण वीज आणि रेंज गेली की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत.

जेवणाबद्दल नवख्यांची एक अपेक्षा आधीच बदलावी लागते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही धोक्याचा आहे. त्या दिवसांत ताजा पापलेट किंवा सुरमई मागणे म्हणजे बर्फातला मासा मागणे. त्याऐवजी घरात जे असते ते मागावे: सुकट, सोडे, खाडीतली मासळी, शेतातल्या कुर्ल्या, कुळथाची पिठी, फणसाच्या आठळ्या, टाकळा, कुरडू, फोडशी आणि भारंगी यांच्या भाज्या. या भाज्या पहिल्या पावसानंतर काही आठवडेच कोवळ्या असतात आणि हिवाळी पर्यटकाला त्या कधीच मिळत नाहीत. ऑगस्टमध्ये तवसे, म्हणजे मोठी काकडी, आले की त्याची तवसोळी होते. हळदीच्या पानांतल्या पातोळ्या नागपंचमीच्या आसपास होतात. श्रावणात बऱ्याच घरांत मासे-मटण शिजत नाही, ते आधी विचारून घ्यावे आणि आग्रह धरू नये. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यानंतर पारंपरिक होड्या पुन्हा बाहेर पडू लागतात. त्या दिवशी एखाद्या कोळीवाड्याजवळ मुक्काम असेल तर तो पाहावा.

सहावी पायरी: दिवसांची वाटणी

मी सात रात्री सुचवतो आणि त्यांतला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवतो. पहिल्या दोन रात्री गुहागर. चिपळूणहून सुमारे 45 किलोमीटर अंतर आहे, आणि व्याडेश्वराच्या देवळापासून समुद्र अगदी जवळ आहे. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेनुसार वेळणेश्वर आणि हेदवी हे दोन्ही पाहावे. भरती सकाळी असेल तर आधी बामणघळ आणि नंतर दशभुज गणपतीचे देऊळ, दुपारी असेल तर उलट. तिसऱ्या दिवशी सकाळी फेरीने जयगड. किल्ला खाडीच्या मुखावर आहे आणि नदीचे लाल पाणी व समुद्राचे करडे पाणी जिथे मिळते ती रेषा तटावरून स्वच्छ दिसते. जवळच नांदिवड्याला कऱ्हाटेश्वराचे देऊळ आहे. कड्याखाली लाटा फुटतात आणि तिथेच गोड्या पाण्याचा झरा गोमुखातून येतो. पायऱ्या फार निसरड्या असतात, म्हणून कठड्याला धरून उतरावे आणि पाऊस जोरात असेल तर वरूनच दर्शन घ्यावे.

तिसरी रात्र मालगुंड किंवा गणपतीपुळ्याला. गणपतीपुळ्याची पुळण दिसायला सपाट आणि निर्धोक वाटते, पण इथे पाण्याला ओढ आहे आणि अनेकांचा जीव गेला आहे. पावसाळ्यात घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये. ओढ कशी असते ते समजून घेतले तर हा नियम जाचक वाटत नाही. लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी एखाद्या खोलगट पट्ट्यातून वेगाने परत जाते. तो पट्टा आजूबाजूपेक्षा शांत दिसतो, तिथे लाटा फुटत नाहीत, आणि म्हणूनच नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. पाऊस सुरूच राहिला तर मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. तिथे एक सकाळ चांगली जाते.

चौथ्या दिवशी आरे-वारे मार्गाने रत्नागिरी. जेमतेम 25 किलोमीटरचा रस्ता आहे, पण त्याला अर्धा दिवस द्यावा, कारण वरच्या वळणावरून पुळणी, खाडी आणि कातळ एकाच नजरेत येतात. गाडी वळणावर उभी न करता थोडी पुढे सपाट जागेवर लावावी. चौथी आणि पाचवी रात्र रत्नागिरी. पाचवा दिवस मोकळा आहे. तो मागच्या दिवसांत फेरीने, दरडीने किंवा लाल इशाऱ्याने खाल्ला असेल तर तो तिथे वापरला गेला. नसेल तर रत्नदुर्ग, आणि पाऊस असेल तर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1885 साली पदच्युत झाला, त्याला इंग्रजांनी या गावात आणून ठेवले आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. पावसाळी दुपारी त्या वाड्याच्या गच्चीतून खाडीकडे पाहताना ही हकिगत अधिक जवळची वाटते.

सहाव्या दिवशी पावस, पूर्णगड आणि गावखडीमार्गे कशेळी. पूर्णगड हा मुचकुंदी नदीच्या मुखावरचा लहानसा किल्ला अर्ध्या तासात पाहून होतो. कशेळीला कनकादित्याचे जुने सूर्यमंदिर आहे आणि तिथून पुढे देवघळीचा कडा; या सबंध पट्ट्यात जांभ्याचा कडा, खालचा कातळ आणि लाटा यांचे नाते मला तिथे सर्वात स्पष्ट दिसते. याच परिसरातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, त्यांत कशेळीचा प्रचंड हत्ती प्रसिद्ध आहे. पावसात शिल्पांच्या रेषांत पाणी साठते आणि गवत वाढते, त्यामुळे ती पूर्ण दिसतीलच असे नाही. गावातला वाटाड्या घ्यावा आणि सड्यावर गाडी अजिबात घालू नये; फुले आणि शिल्पे दोन्ही चाकाखाली जातात. सहावी रात्र कशेळी-आडिवऱ्याच्या बाजूला, आणि सातवी विजयदुर्गला. जैतापूरकडून विजयदुर्ग नकाशावर जवळ दिसतो, पण वाघोटनच्या खाडीला वळसा घालावा लागतो, म्हणून त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये.

सातवी पायरी: कातळावर उभे राहणे

हिवाळ्यात कातळावर कुठपर्यंत जावे हे ठरवायला एक सोपी खूण असते: जिथवर कातळ ओला, तिथवर लाट येते. पावसाळ्यात सगळाच कातळ ओला असल्याने ही खूण नाहीशी होते, आणि अपघातांचे हे एक मोठे कारण आहे असे मला वाटते. त्याऐवजी हिरवळ पाहावी. जिथे जमिनीवरचे गवत आणि तेरड्याची रोपे सुरू होतात, त्या रेषेच्या आत, जमिनीच्या बाजूला उभे राहावे. खारे पाणी वारंवार येते तिथे ही झाडे टिकत नाहीत. हिरवे बुळबुळीत शेवाळ ही मात्र उलट खूण आहे; ते दिसले की आपण लाटेच्या हद्दीत आहोत.

पोहोचल्यावर लगेच पुढे न जाता पंधरा-वीस मिनिटे मागून पाहावे. लाटा सारख्या आकाराच्या नसतात. बराच वेळ लहान लाटा येतात आणि मग दोन-चार मोठ्या एकामागून एक येतात. पाच मिनिटे पाहणाऱ्याला त्या मोठ्या लाटा दिसतच नाहीत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये, आणि कोणी पाण्यात पडलेच तर मागोमाग उडी न टाकता दोरी, रिकामा कॅन किंवा ओढणी टाकावी आणि गावकऱ्यांना हाक द्यावी. 112 हा सर्वसाधारण मदतीचा, 108 रुग्णवाहिकेचा आणि 1554 तटरक्षक दलाचा क्रमांक मोबाईलमध्ये आधीच नोंदवून ठेवावा.

कड्याच्या वरच्या बाजूला धोका वेगळा असतो. जांभा वरून कठीण दिसतो, पण त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ मातीचा थर असतो. पावसाने आणि लाटांनी तो थर धुपून जातो आणि जांभ्याची कड छपरासारखी पुढे अधांतरी राहते. वरून ते कळत नाही. म्हणून कडेपासून सात-आठ पावले मागे राहावे, भेगा दिसल्या तर त्याहून मागे. सड्यावर दगड उलटून पाहू नयेत. रत्नागिरीचे जांभ्याचे सडे फुरशासाठी ओळखले जातात आणि हा लहान साप दगडाच्या रंगात मिसळून जातो. साप चावलाच तर कापणे, चोखणे किंवा घट्ट बांधणे यांत वेळ न घालवता अंग हलू न देता जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे.

सामानाबद्दल थोडेच सांगायचे आहे. कपडे वाळत नाहीत, म्हणून जाड सुती कपड्यांऐवजी पातळ आणि लवकर सुकणारे घ्यावेत. छत्री कड्यावर निरुपयोगी आणि धोक्याची असते, वारा तिच्यासकट ओढतो; रेनकोट घ्यावा. चप्पल नको, खाचदार रबरी तळाचे बूट हवेत, आणि रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावेत. विजेरी, पॉवर बँक, प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या, नेहमीची औषधे आणि जखमेवरची पट्टी जवळ असावी. पायाला जखम असेल तर शेताच्या पाण्यात उतरू नये, कारण या दिवसांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आपण कोकणात पावसात फिरलो होतो हे आवर्जून सांगावे.

परतीचा दिवस विजयदुर्गहून सुरू होतो. कणकवली किंवा राजापूर रोड स्थानकाला जायचे तर राजापूर रोड स्थानक राजापूर गावापासून बरेच दूर आहे, हे आधी लक्षात घ्यावे. गाडी दुपारची असली तरी सकाळीच निघावे, आणि निघण्याआधी यजमानांकडून खारेपाटणच्या नदीचे पाणी किती आहे हे विचारून घ्यावे. ते रस्त्यावर असेल तर आणखी एक रात्र विजयदुर्गला थांबण्याइतके पैसे आणि सुट्टी हाताशी ठेवावी.